कानाशी धरलेलं जायफळ

आंबा, काजू, कोकम ही सगळी झाडं शहाण्यासारखी उन्हाळ्यात आपापलं आटपून घेतात. जायफळाला मात्र पिकायला नेमका पावसाळाच सापडतो. बाहेर आभाळ फाटल्यासारखं कोसळत असतं, कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यांवर शेवाळ चढलेलं असतं, अंथरुणं ओलसर, काडेपेटी पेटत नाही, आणि अशा मुहूर्तावर हे महामूर्ख झाड फळं उकलायला घेतं. पिकल्या पेरवासारखं पिवळं फळ, मधोमध चीर पडून दोन फाका होतात, आणि आत काळपट चकचकीत बी. त्या बीला लालभडक जाळी वेढलेली असते, ती जायपत्री. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते फळ फारच नटवं वाटलं होतं. एवढा थाट करून शेवटी पडायचं कुठे, तर चिखलात. वटवाघळं आणि उंदीर यांच्या आधी पोचून ते उचलायचं, आणि मग सूर्य दिसत नसताना वाळवायचं. आतेच्या घरचा आषाढ-श्रावण या उद्योगात जाई, आणि मी त्या घरात राहायला गेले तीही अशाच दिवसांत.

आते म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मालवणपासून आत, एसटी थांब्यापासून ओढ्याच्या, आमच्या व्हाळाच्या, काठानं बरंच चाललं की तिचं कौलारू घर लागे, आणि घरामागे माड-पोफळींची बाग. पोफळींच्या सावलीत जायफळाची झाडं होती, तिच्या सासऱ्यानं लावलेली. मी मुंबईला चाळीत वाढलेली. आई वारली तेव्हा मी नुकती न्हाती झाले होते. बाबा मालवाहू बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. एकदा बोटीवर चढले की वर्षभर तरी जमिनीचं तोंड दिसायचं नाही. मुलीला एकटीला खोलीत ठेवायचं कसं? त्यांनी माझी ट्रंक भरली, मला आतेकडे आणून सोडलं, जेवले, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना म्हणाले, पुढच्या सुट्टीत येतो तेव्हा बघू तुझं काय करायचं ते. ते ‘बघू’ मी वर्षभर उशाशी घेऊन झोपले.

चाळीत मला एकटेपणाचा अर्थ माहीत नव्हता. तिथे भिंतीपलीकडचा माणूस खोकला तरी आपण कूस बदलायची. आतेच्या घरात मात्र माणसाचा असा आवाजच नव्हता. कौलांवर पाऊस, व्हाळाचं घोंघावणं, पन्हळीखाली ठेवलेल्या घमेल्यात पडणारी धार, बेडूक, रातकिडे, हे अखंड. पण कुणी गुणगुणतंय, कुणी कुणाला हाका मारतंय, कुणी उगाच वैतागून भांडं आदळतंय, असलं काही नाही. आते कामाला वाघीण. पहाटे उठून चूल पेटवायची, उकड्या तांदळाची पेज शिजायला घालायची, तिच्याबरोबर खारातला आंबा नाहीतर सुक्या बांगड्याचं किसमूर. दुपारी कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, बाजार लागला असला तर मासळी. हाताला चव अशी की आज तारकर्लीच्या पर्यटकांना खिलवली असती तर तिथेच तंबू ठोकून बसले असते. पण वाढायची ती मुक्यानं. मी ‘बरं झालंय’ म्हटलं तर कधी हसायची, कधी ऐकलंच नाही असं करून पातेल्यावर झाकण ठेवायची.

आणि हेच मला खुपायचं. समोर बसून काही विचारलं तर ती नीट उत्तर द्यायची, माझ्या तोंडाकडे टक लावून. त्या बघण्याचीही मला भीती वाटे. वाटे, ही मला तोलतेय. पण मागून हाक मारली, दुसऱ्या खोलीतून काही विचारलं, तर भिंतीशी बोलल्यासारखं. शाळेतून येऊन मी पडवीतून सांगायची, आते, गणितात पहिली आले. आत चुलीपुढे तिची पाठ. पाठ ढिम्म हलायची नाही. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या आधी तर ती बोलायचीच नाही. मी सुरुवात केली तरी उठून जायची, कंदील आणायची, आमच्या दोघींच्या मध्ये ठेवायची आणि मग ‘काय म्हणत होतंस?’ विचारायची. तोवर माझा बोलण्यातला जीव गेलेला असायचा. वाटेवरच्या बायकाही हेच म्हणत. पाणंदीत समोरून गेलं तर हसते, मागून साद घातली तर ओ देत नाही. बागायतीची मिजास आहे, म्हणत. मला ते पटायचं. मुंबईचं भाचरू गळ्यात पडलं, टाकून देता येत नाही म्हणून सांभाळतेय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तेराव्या-चौदाव्या वर्षी माणसानं एकदा असं ठरवलं की तो पुरावे गोळा करत सुटतो. मला ते रोज मिळत होते.

जायफळाचं कामही तिनं माझ्या हाती फारसं दिलं नव्हतं. फळं गोळा करायची, फोडायची, साली मीठ लावून लोणच्याच्या बरणीत घालायच्या, एवढं माझं. बीवरची जायपत्री न तुटता अख्खी सोडवायची, पाटावर बोटांनी दाबून चपटी करायची, हे तिचं. मग सगळं चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर चढायचं. जायपत्री लवकर वाळते, लालाची केशरी होते, घरभर गोड-तिखट वास सुटतो. माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा तो वास येई आणि बाकावरची मुलगी विचारी, काय गो, खीर आणलंस काय? बी मात्र वाळायला फार वेळ घेते. वरून टणक कवच असतं, आतलं जायफळ वाळून आकसलं की ते कवचापासून सुटतं. म्हणून एकेक कानाशी धरून हलवायचं. आत खुळखुळलं तर वाळलं, मुकं राहिलं तर परत ताटीवर. सगळा हिशेब या एका आवाजावर. मुकं जायफळ चुकून गोणीत गेलं तर आत बुरशी धरते आणि शेजारच्यांनाही लावते.

हे वाजवून बघण्याचं काम त्या घरात आतेचं होतं, लग्न होऊन आली तेव्हापासून. तिच्या सासऱ्यानं म्हणे पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं होतं की या सुनेचा कान पाजळलेला आहे, जायफळाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मालवणच्या बाजारातले मसाल्याचे व्यापारी, त्यांना सगळे शेट म्हणत, चतुर्थीच्या आधी माल न्यायला स्वतः यायचे आणि गोणी उघडूनसुद्धा बघायचे नाहीत. त्या अख्ख्या पावसाळ्यात आतेच्या चेहऱ्यावर मला काही पाहायला मिळालं असेल तर ते एवढंच. पडवीत ती मांडी घालून बसायची, उजवीकडे मुक्यांची टोपली, डावीकडे वाळलेल्यांची, जायफळ कानाशी न्यायची, डोळे मिटायची. त्या वेळी ती सुंदर दिसायची. आणि मला वाटायचं, जायफळाचं हिला ऐकायचं असतं, माझं नाही.

मग पुढच्या पावसाळ्यात व्हाळाची गोष्ट झाली. एका सकाळी मी कपडे धुऊन येत होते. आदल्या दिवशीच्या लोंढ्यानं काठाची माती सुटली होती, पाय सरकला आणि घोटा मुरगळून मी दगडांत पडले. आते समोरच होती. जायफळाच्या झाडाखाली वाकून फळं वेचत होती, पाठमोरी. मी हाक मारली. मग ओरडले. मग घसा बसेपर्यंत रडत ओरडले, आते, आते, म्हणून. व्हाळ गर्जत होता हे खरं, पण पोफळीवरची पाखरं उडाली माझ्या आवाजानं. ती वेचत राहिली, टोपली कमरेवर घेतली आणि घराच्या दिशेनं चालू लागली. मी गुडघ्यांवर रांगत, पोफळींना धरत घरी आले. मला पाहिल्यावर मात्र तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तिनं मला उचलून आत नेलं, आंबेहळद उगाळून गरम लेप घातला, पाय मांडीवर घेऊन बसली आणि विचारलं, ‘माका हाक कित्याक नाय मारलंस?’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं कसं माणूस निर्लज्ज असू शकतं, असं वाटलं. मी तोंड भिंतीकडे केलं. ती बराच वेळ बसून होती, हे मला पायावरच्या तिच्या हातावरून कळत होतं.

त्या दिवशी माझं नक्की झालं. बाबा आले की सांगायचं, मला इथून न्या. बोर्डिंगात टाका, कुणाच्या घरी ठेवा, मुंबईच्या खोलीत एकटीला कोंडून ठेवा, पण इथे नको. काय बोलायचं ती वाक्यंसुद्धा मी पाठ केली होती. शाळेच्या वाटेवर पोफळींना म्हणून दाखवायची.

चतुर्थीच्या आधी शेट आले, नेहमीसारखी न उघडता गोणी घेऊन गेले, आणि थोड्याच दिवसांत तीच गोणी परत घेऊन पडवीत उभे राहिले. माणूस भला होता. आवाज चढवला नाही. खाली बसले, गोणीतून मूठभर जायफळं काढली, पडवीसमोरच्या खळ्याच्या कडेच्या दगडानं फोडली. आत करडी लव. वास जायफळाचा नाही, भिजलेल्या गोणपाटाचा. शेटना मोठ्या मिश्या, तोंडात पान. हळू आवाजात, खाली मान घालून ते म्हणाले की मी तुमच्या भरवशावर हा माल दुसऱ्यात मिसळणार होतो, बरं झालं बघितलं, यंदा असं कसं झालं वयनी? आते त्यांच्या मिश्यांकडे बघत होती. तिनं विचारलं, चहा टाकू का? शेटना तो माज वाटला असावा. उठले, छत्री उघडली, म्हणाले पुढच्या सालचं पुढच्या साली बघू, आणि गेले. माझ्या मेलीच्या मनात काय आलं सांगू? बरी खोड मोडली, असं आलं.

ते गेल्यावर आतेनं उरलेली सगळी जायफळं पडवीत ओतली आणि पुन्हा वाजवायला बसली. मी मागे उंबऱ्यावर बसले होते. आमचा कुत्रा मोती तिच्याजवळ अंग मुडपून झोपला होता. पावसानं जरा उघडीप दिली होती, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तिनं एक जायफळ कानाशी धरलं, डोळे मिटले, हलवलं. खुळखुळ, खुळखुळ. मला उंबऱ्यावर ऐकू आलं. तिनं ते मुक्यांच्या ढिगात टाकलं. दुसरं हलवलं, काहीच वाजलं नाही, ते तिनं वाळलेल्यांच्या टोपलीत ठेवलं. मला वाटलं रागानं हिचं डोकं फिरलंय. म्हटलं, आते, ता वाजला मगे. पाठ तशीच. मोठ्यानं म्हटलं. तशीच. मग माझ्या आत इतके दिवस जे साठलं होतं ते मी तिच्या पाठीवर ओतलं: ‘बाबा इले काय मी जातलंय. माका तुझ्याकडे रवाचा नाय.’

मोतीनं झोपेतून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आतेनं पाहिलं नाही. ती पुढचं जायफळ कानाशी नेत होती, डोळे मिटून, सगळा जीव त्या कानात आणून, आणि तिच्या कपाळावर घाम आला होता.

एका क्षणात मला सगळं दिसलं. कंदील मध्ये का ठेवायची, तोंडाकडे टक लावून का बघायची, मोती उठला की दारापाशी का जायची, पेज उकळली का हे बघायला झाकणावर हात का ठेवायची. आणि व्हाळ. हाक का नाही मारलीस, असं तिनं मला खरोखरच विचारलं होतं. मला कुणी टाकून दिलेलं नव्हतं. मी उगाच वर्षभर एकटी राहिले होते, आणि ती तर माझ्याहून किती तरी एकटी, पावसाचा आवाजही नसलेल्या घरात.

मी उठून तिच्यासमोर जाऊन बसले. तिच्या हातातलं जायफळ काढून घेतलं, माझ्या कानाशी हलवलं आणि डावीकडच्या टोपलीत ठेवलं. मग मुक्यांच्या ढिगातलं एक घेतलं, हलवलं, तेही डावीकडे ठेवलं. वाळलेल्यांच्या टोपलीतलं एक काढलं, हलवलं आणि उजवीकडे टाकलं. ती माझ्या हाताकडे बघत होती, मग तोंडाकडे. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा तिचा झाला. पदरानं तोंड पुसत म्हणाली, ‘आधी कमी कमी होत गेला. आता कायच आयकाक येणा नाय.’

मी तोंड मोठं करत विचारलं, मगे सांगलंस कित्याक नाय?

‘तुझो बापूस तुका न्हेतलो म्हणान,’ ती म्हणाली. ‘भैऱ्या बायलमाणसाकडे आपला चेडू कोण ठेवीत?’

मी रडले. ती रडली नाही. तिनं दोन्ही टोपल्या माझ्याकडे सरकवल्या आणि चुलीकडे गेली. त्या दिवसापासून जायफळ वाजवायचं काम माझं झालं. ती समोर बसायची आणि माझी मान बघायची. मान हलली की डावीकडे, नाही हलली की उजवीकडे. त्या निमित्तानं ती बोलायलाही लागली. तिची भीती काय होती ते तुकड्यातुकड्यानं कळलं. मुंबईला तिचा दीर होता. एकट्या बाईला ऐकू येत नाही म्हटल्यावर बाग कुणाला तरी कसायला देऊन त्यानं तिला आपल्या खोलीत नेऊन बसवलं असतं. तिथे तिनं काय केलं असतं? त्यापेक्षा लोक मिजासखोर म्हणाले तर म्हणू देत, भैरी म्हणू नयेत, असा तिचा हिशेब. वेडा होता, पण मला आता त्याला हसू येत नाही.

बाबा आले ते चतुर्थी उलटल्यावर, अचानक. खांद्यावर बोटीवरची कॅनव्हासची पिशवी, माझ्यासाठी परदेशी साबण आणि पावसात न भिजणारा डगला, आतेसाठी ऊबदार शाल. मी त्यांची वर्षभर वाट पाहिली होती, आणि ते पाणंदीतून येताना दिसले तेव्हा मी आधी आतेकडे धावले. आता यांना कळलं तर? आम्ही दोघींनी काही ठरवलं नव्हतं, पण आपसूक नाटक सुरू झालं. जेवायला मी आतेला अशी बसवायची की बाबा समोर येतील. त्यांनी पाठमोरं काही विचारलं तर मी तिच्या आधी उत्तर द्यायची. अगोचर झालीस गो फार, म्हणाले एकदा. म्हणोत बापडे. आते चुलीपाशी असली आणि ते दारातून ‘अक्का’ म्हणाले की मी पायानं पाट सरकवायची, ती हादऱ्यानं वळायची. मोतीला तर आयतंच काम. मला त्या दिवसांत इतकी मजा आली, आणि इतकी धास्तीही वाटली, की मी जेवले काय आणि झोपले काय, मला आठवत नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी बाबा पडवीच्या पायरीवर, माझ्याकडे तोंड करून बसले. त्यांच्या मागे, जरा लांब, आते जायफळं पुसत होती. त्यांची पाठ तिच्याकडे, म्हणजे ते काय बोलतायत ते तिला दिसणं शक्य नव्हतं. तिला फक्त मी दिसत होते. बाबा म्हणाले, कुडाळला मुलींचं बोर्डिंग आहे, मी चौकशी करून आलोय. तुला इथे करमत नसणार, मला माहीत आहे. ‘येतंस माझ्यावांगडा?’

हा प्रश्न मी किती वेळा ऐकला होता मनात! उत्तर पाठ होतं. मी बाबांच्या खांद्यावरून आतेकडे पाहिलं. तिचा फडक्यासकट हात थांबला होता. प्रश्न तिला ऐकू आला नव्हता, पण मी कुठल्या प्रश्नापुढे उभी आहे ते तिला कळलं होतं. मी तोंड अगदी नीट उघडत, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, ‘नाय. माका हंय काम आसा.’

‘कसला काम?’ बाबांनी विचारलं.

‘जायफळां वाजवन बघूची आसत.’

आतेनं खाली मान घातली आणि जायफळ पुसू लागली. एकच जायफळ ती किती तरी वेळ पुसत होती. रात्री जेवताना सरंग्याची मधली तुकडी माझ्या पानात पडली. ती नेहमी पाहुण्याची असे. बाबा त्या तुकडीकडे पाहून हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांना थांब्यावर सोडायला मी एकटीच गेले. गाडी येताना दिसली तेव्हा त्यांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि सहज सांगावं तसं म्हणाले, ‘अक्काशी बोलताना समोर रव. आणि उजेडात.’ पुढे म्हणाले, बोटीच्या इंजिनाच्या धडधडाटात काम करणारी माणसं अशीच तोंडाकडे बघतात, म्हातारपणी. मला पहिल्या दिवशीच कळलं. मग म्हणाले, तिला सांगू नको मला कळलंय म्हणून. गाडीत चढले, खिडकीतून हात काढला, गेले. मी त्या थांब्यावर नवा डगला घालून उभी राहिले. मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांच्या मागे धावावंसंही वाटत होतं. भैऱ्या बाईकडे आपलं चेडू, पोटची मुलगी, ठेवणारा माणूस होता तर.

मी आतेला ते कधीच सांगितलं नाही. बाबा सुट्टीवर येत, आम्ही दोघी त्यांच्यापासून लपवत असू, आणि ते आमच्यापासून. पुढच्या साली शेट आले तेव्हा मी त्यांना गोणी उघडायला लावली, मूठभर जायफळं फोडायला लावली. त्यानंतर ते पुन्हा न उघडता नेऊ लागले. आते शेवटपर्यंत त्याच घरात राहिली. माझं लग्न होऊन मी ओरोसला गेल्यावर पावसाळ्यात रविवारच्या रविवार एसटीनं येत असे, मान हलवायला. ती गेली त्या वर्षीची जायफळं मीच वाजवली. घर आणि बाग तिनं माझ्या नावावर ठेवली होती. माझे यजमान गेल्यावर मी इथेच येऊन राहिले.

आता मुलगा परदेशी आहे. मोबाइलवर तो दिसतो, चेहऱ्यानिशी, उजेडात, त्यामुळे अजून निभावतंय. ‘आई, ऐकू येतंय ना?’ म्हणतो. मी म्हणते, येतंय रे, तुझं नेटवर्क खराब आहे. कळलं तर म्हणेल चल इकडे, आणि तिथल्या बंद काचांच्या घरात मी काय करू? डॉक्टरकडे जायला हवं, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. जाईन. हे सगळं लिहून ठेवतेय म्हणजे त्यालाही कधी तरी कळेलच, पण तो मराठी वाचतो कुठे?

झाडं मात्र आपली वेळ चुकवत नाहीत. यंदाही भर पावसात उकलली, मी वेचली, जायपत्री सोडवली, ताटीवर चढवली. काल पडवीत मांडी घालून बसले, डावीकडे टोपली, उजवीकडे टोपली, आणि एक जायफळ कानाशी धरून डोळे मिटले. हलवलं. पुन्हा हलवलं. मग डोळे उघडून समोर पाहिलं, मान हलते का बघायला. समोर खळ्यात पाऊस पडत होता, बिनआवाजाचा. जायफळं तशीच सुपात परत ठेवली आहेत. कुणी आलं की वाजवून घेईन.